सात-विसाची गाडी

मुलगी धावत आली आणि रिकामा फलाट पाहून हसली. सेवकराम गुरुजींना पुढे कित्येक दिवस आठवत राहिलं ते हे हसणं. तुमसर रोड स्टेशनाबाहेर कलाबाईच्या टपरीवर ते चहा पीत बसले होते. लेक मंदा सासरी परत निघाली होती, तिला नुकतंच गाडीत बसवून दिलं होतं, आणि लेक गेल्यावर घरी जायची जी एक टाळाटाळ होते ती कपभर चहात चालली होती. वैशाखाचं ऊन सकाळी सातलाच अंगावर यायला लागलं होतं. मुलगी वीस-एकवीस वर्षांची, हातात कापडी पिशवी, एसटीतून उतरून पळत आलेली. फलाटावर कोणी नाही हे पाहून तिनं पदरानं तोंड पुसलं आणि समाधानानं म्हणाली, "झालं बाप्पा. पंधरा मिनटं हायेत अजून."

"कोण्या गाडीले?" कलाबाईनं विचारलं.

"सात-विसाचीले."

"ते गेली की वो पोरी. पंचवीस मिनटं झाले."

मुलगी पुन्हा हसली, आता थोडी समजूत घातल्यासारखी. "कशी जाईन मावशी? आता तर सात पाच झाले."

"सात-विसाची सहा-चाळीसले जाते."

"काय बोलून राहिल्या तुमी? सात-विसाची सहा-चाळीसले?"

"मी नाई बोलत. गाडीच तशी जाते. तीन-चार वर्सं झाले असंन."

"मंग तिले सात-विसाची काहून म्हंता?"

"नाव हाये ते तिचं," कलाबाई कपबशा विसळत म्हणाली. "माहं नाव कला हाये. मले कोन्ती कला येते?"

टपरीवरचे दोघं-तिघं हसले. मुलगी हसली नाही. तिचा चेहरा हळूहळू कोरा होत गेला. चाळीस वर्षं मुलांना शिकवलेल्या माणसाला असा चेहरा ओळखीचा असतो. गणित सगळं बरोबर केलं, रीत बरोबर, मांडणी बरोबर, तरी उत्तर चुकलं, की मूल असं बघतं. ते उठून जवळ गेले. "बाई, तुला सात वीस कोणी सांगितले?"

"सांगाले कायले पाह्यजे जी? वहीत हाये ना." आणि तिनं उभ्याउभ्या म्हणून दाखवलं, शाळेत म्हणतात तसं, मान किंचित हलवत: "तुमसर रोडहून सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी सुटलेली गाडी नऊ वाजून पन्नास मिनिटांनी नागपुरास पोचते. अंतर पन्नास मैल. तर गाडीचा ताशी वेग किती? वीस मैल. बाकी शून्य. आमाले चवथीतच पाठ होतं. घरीबी सारे म्हंतले, सात-विसाचीनं जाजो."

'नागपुरास' हा शब्द ऐकला आणि शंका उरली नाही. आजूबाजूला सगळे नागपूरले म्हणतात. 'नागपुरास' लिहिणारा एकच माणूस, आणि तो इथं चहाचा कप हातात धरून उभा होता.

मुलीचं नाव धुरपता. मोठ्या तलावाच्या पाळीवर, बांधाच्या कडेला, वसलेल्या एका गावची, मॅट्रिक झालेली. नागपूरला नर्सिंगच्या शिक्षणासाठी मुलाखतीला बोलावलं होतं, अकरा वाजता. घरून एकदाच जाऊ देणार होते. नाही जमलं तर दिवाळीनंतर लगीन, बाबानं स्वच्छ सांगितलं होतं. हे तिनं रडत नाही सांगितलं, हिशोब सांगावा तसं सांगितलं, आणि म्हणून ते ऐकायला जास्त कठीण गेलं. गुरुजी तिला घेऊन झपाझप सडकेवर आले. भंडाऱ्याची एसटी साडेसातची होती. भंडाऱ्याहून नागपूरची मिळाली तर अकरा नाही तरी साडेअकरा-बारापर्यंत पोचता येईल. उभं राहायला मिळालं तरी चढ, पाय ठेवायला जागा मिळाली तरी चढ, असं ते सांगत राहिले. एसटी आली. पायरीवर चढता चढता तिनं वळून विचारलं, "तुमचं नाव काय जी?"

"मी मास्तर होतो," ते म्हणाले.

"मंग तुमाले ठाऊक असंन ते वही."

"ऐकून आहे," सेवकराम गुरुजी म्हणाले, आणि एसटी निघून गेली.

तुमसरात शिरताना गिरण्यांतून उकडलेल्या धानाचा वास येत होता. रोजच्यासारखाच, जरा आंबूस, जरा गोड. निवृत्त होऊन तीन वर्षांपूर्वी गुरुजी इथं राहायला आले तेव्हा रुखमिणीबाईंना हा वास आवडायचा नाही. आता नसला तर त्यांना चुकल्यासारखं होई. आज गुरुजींना तो वास लागला नाही. डोक्यात 'ऐकून आहे' हे दोन शब्द खड्यासारखे वाजत होते. खोटं बोललो असं म्हणवत नव्हतं आणि खरं बोललो असंही म्हणवत नव्हतं. शिवाय दुसरी एक गोष्ट होती, तिच्याकडे ते थेट पाहत नव्हते. आज सकाळी मंदाला त्यांनी सव्वासहालाच स्टेशनावर आणलं होतं. गाडी सहा-चाळीसला जाते हे त्यांना ठाऊक होतं. तीन-चार वर्षं ठाऊक होतं. मंदाच्या दर खेपेला ते बरोबर वेळेवर निघत आले, आणि एकदाही, एकदाही त्यांना वही आठवली नाही.

वही सत्तावन सालची. तेव्हा त्यांच्या शाळेत जे गणिताचं पुस्तक होतं त्यात 'एक माणूस' होता, 'एक गाव' होतं, 'एक हौद' होता. माणसाला नाव नव्हतं, हौदाला गाव नव्हतं. मुलं गणितं सोडवत पण त्यांच्या डोळ्यांत काही हलत नसे. मग गुरुजींनी रोज रात्रीच्या जेवणाआधी एकेक गणित लिहायला घेतलं. गावचा तलाव किती हात खोल, त्यातून धानाच्या किती बांध्यांना, बांध घातलेल्या शेतांना, पाणी मिळतं. एकरी बियाणं किती लागतं. भंडाऱ्याची सडक किती मैल. तलावाची खोली पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला विचारली, बियाण्याचं प्रमाण शेतकी खात्याच्या माणसानं सांगितलं, टपालाचं वजन पोस्टमननं, आणि गाडीची वेळ तुमसर रोडच्या सोमाजी पॉइंट्समननं. एकशे वीस गणितं झाली. ज्यांनी आगगाडी पाहिली नव्हती अशी पोरं 'सात वाजून वीस' म्हणताना खिडकीबाहेर बघायला लागली. शेजारच्या गावचा मास्तर आला, म्हणाला मला द्या. गुरुजी म्हणाले, देत नाही, बसा आणि उतरवून घ्या. छापायची नाही, विकायची नाही, जो येईल त्याला उतरवू द्यायची. त्या मास्तराकडून दुसऱ्यानं उतरवली, त्याच्याकडून तिसऱ्यानं. पाच-सात वर्षांत वही कुठं कुठं पोचली याचा पत्ता गुरुजींनाही राहिला नाही. पार सानगडीकडच्या, ज्यांना ही गाडी जन्मात लागणार नव्हती, अशा गावांत लोक उशिरा उठणाऱ्याला म्हणायला लागले, सात-विसाची गेली तरी हा झोपलाच आहे. हे पहिल्यांदा कानावर आलं त्या दिवशी सेवकराम गुरुजी एकटेच हसत बांधावरून चालत घरी आले होते. माणसाला आयुष्यात एवढं मिळालं तर आणखी काय हवं, असं त्यांना तेव्हा वाटलं होतं.

आणि त्यातलं त्यांना सगळ्यांत प्रिय ते बाकी शून्य. एकशे वीस गणितांत एकाचीही बाकी उरत नव्हती. ते त्यांनी मुद्दाम केलं होतं, रात्र रात्र आकडे बसवून. मुलाला उत्तर आलं की ते पूर्ण यावं, हातात धरता यावं. सोमाजीनं सांगितलेली वेळ सात एकवीस होती की काय, अशी आज पहिल्यांदाच शंका आली. एक मिनिट आपण कापलं का? आठवेना.

रुखमिणीबाईंनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं. बाजेची दोरी ढिली झाली होती, ती त्या पायानं रेटून ताणत होत्या. "पोचली असंन का ते?" एवढंच त्यांनी विचारलं.

"काय माहीत."

"नाव सांगतलं का तुमी आपलं?"

गुरुजींनी टोपी काढून खुंटीला अडकवली.

"नाई सांगतलं," त्या म्हणाल्या. "तुमाले तं लगनातबी आपलं नाव सांगाले अर्धा घंटा लागला होता." मग दोरीला गाठ मारून, "काढा ते वही. बसल्या बसल्या दुःख करन्यापरीस दुरुस्त करा. बेचाळिसाव्या गणितात तर आकडा बदलाचा आहे, का दुसरं काई?"

त्यांनाही तसंच वाटलं होतं. एक आकडा. पेटीतून वही काढली, बेचाळिसावं गणित काढलं. मैल आता राहिले नाहीत, म्हणून ऐंशी किलोमीटर. निघणं सहा-चाळीस, पोचणं नऊ पाच. दोन तास पंचवीस मिनिटं. भागाकार मांडला. तेहेतीस आले आणि खाली पंधरा उरले. त्यांनी पुन्हा मांडला. पुन्हा पंधरा. तेहेतीस पूर्णांक तीन एकोणतिसांश. चौथीतल्या पोराच्या हातात द्यायचं हे? एकोणतिसांश? आणि तेवढ्यानं भागत नव्हतं. त्रेचाळिसाव्या गणितात बैलगाडी होती, तिचा वेग 'मागील उदाहरणातील गाडीच्या एक पंचमांश', म्हणजे ताशी चार मैल. आता ती बैलगाडी ताशी साडेसहा किलोमीटरांहून थोडी जास्त धावत होती आणि एकावन्नाव्या गणितात बाजाराला भलत्याच वेळी पोचत होती. अडुसष्टाव्यात पुन्हा तीच बैलगाडी. त्यांनी बाजेकडे पाहिलं. एक दोरी ओढली की पलीकडची तिरपी सरकते, ती नीट करावी तर उशाकडची सैल होते. मग बाकीचं तपासायला घेतलं तसं कळत गेलं की तलावाचं पाणी हातांत मोजणं थांबून किती वर्षं झाली, सडक वळवल्यानं भंडारा जवळ आलं, एकरी बियाणं नव्या जातीच्या धानाला तेवढं लागत नाही. संध्याकाळपर्यंत वहीच्या समासात एवढ्या खुणा झाल्या की गुरुजींना वाटलं, यात माझं स्वतःचं काय होतं? गाडी रेल्वेची, पाणी तलावाचं, बियाणं शेताचं. माझी म्हणावी अशी फक्त बेरीज आणि वजाबाकी.

"मंग असं करा," रुखमिणीबाई ताट वाढत म्हणाल्या. "'एक गाडी' लिवा. 'एक गाव' लिवा. कोनाची गाडी चुकनार नाई."

हे त्यांच्याही मनात दुपारपासून होतं. खोटी गणितं कधी जुनी होत नाहीत. बिननावाचा माणूस बिननावाच्या गावाहून निघतो, त्याला वेळापत्रक नाही, त्याची सडक कोणी वळवत नाही. शंभर वर्षांनीही तो बरोबर वेळेवर पोचतो. सुरक्षित होतं ते. गुरुजींनी घास हातात धरला आणि तसाच ठेवला. "पण मग," ते म्हणाले, "पोरं बसतील कोणत्या गाडीत?"

दुसऱ्या दिवशी ते सोमाजीकडे गेले. सोमाजीही आता निवृत्त, स्टेशनामागच्या वस्तीत कोंबड्या पाळून होता. त्यानं सगळं ऐकलं आणि गालातल्या गालात हसला. "गुरुजी, गाडी माही थोडीच आहे? आमाले कागद आला तसा तुमाले सांगतलो. पन मी एक गोष्ट सांगतलो होतो, ते तुमी खाऊन टाकली."

"कोणती?"

"मी म्हंतलो होतो, हे टाइम पुढच्या टाइमटेबलपर्यंतच बरं का. मंग पुन्ना इचारजा."

गुरुजी उन्हात उभे राहिले. आठवलं. गणितात त्यांनी ते लिहिलंही होतं, कंसात: 'सन १९५७ च्या वेळापत्रकाप्रमाणे'. आणि मग काढून टाकलं होतं. का, तर मुलं म्हणताना त्या लांबलचक शब्दाला अडखळायची, चाल तुटायची. चालीसाठी त्यांनी तारीख कापली होती. बावीस वर्षं एक सबंध मुलूख ती चाल म्हणत होता, आणि ज्या एका शब्दानं ती मुलगी काल आधीच्या एसटीनं निघाली असती तो शब्द सेवकराम गुरुजींनी सुंदर दिसावं म्हणून खोडला होता. सोमाजीला त्यांचा चेहरा पाहून वाईट वाटलं असावं. "अजी, गाडीबी चुकतेच ना कधी कधी," तो म्हणाला. "आमी काय रडत बसलो का? पुढच्या सिग्नलले तयार राहाचं."

तो उन्हाळा आणि त्यापुढचे पाच महिने गुरुजींनी वही दुरुस्त केली. नवी लिहिली नाही, तीच. प्रत्येक उसन्या आकड्यापुढे दोन गोष्टी आल्या, कोणाला विचारलं आणि कधी विचारलं. चाल तुटली, तुटू दिली. बैलगाडीला आगगाडीपासून सोडवलं आणि तिचा वेग तिला स्वतंत्र दिला, म्हणजे उद्या गाडी बदलली तरी बैल गडबडणार नाहीत. हे जमलं त्या दिवशी त्यांना मुलासारखा आनंद झाला, आणि पाठोपाठ धुरपता आठवली. ती आठवायचीच. आकडा खोडताना तिचा कोरा चेहरा यायचा, आणि पायरीवरून वळून विचारलेलं 'तुमचं नाव काय जी'. ती पोचली की नाही? साडेअकराला दार लागलं असेल तर? आता धान कापणीला आलं होतं, दिवाळी होऊन गेली होती. कुठल्यातरी मांडवात ती बसलेली असेल आणि बायका गमतीनं म्हणत असतील, सात-विसाची चुकली म्हणून हा नवरा भेटला. वही कितीही दुरुस्त केली तरी तिच्या गावातली वही जुनीच होती. जितक्या गावांत ती होती तितक्या ठिकाणी रोज सकाळी सात वीसला एक गाडी सुटत होती आणि रोज कोणीतरी तिच्यासाठी घरून निघत होतं. या विचारानं एक दिवस ते उठले, वही धोतराच्या जुन्या फडक्यात गुंडाळली, आणि रुखमिणीबाईंना म्हणाले, "तिच्या गावापासून सुरुवात करतो."

"या बारीनं तरी नाव सांगजा," त्या म्हणाल्या.

एसटीनं फाट्यावर सोडलं. दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाच्या कडपा पसरल्या होत्या, वाळलेल्या तणसाचा वास होता, तलावाच्या पाळीवरून चालताना पाण्यावरून गार वारा येत होता. गुरुजी मनात वाक्यं जुळवत होते. मी सेवकराम. ही वही माझी. तुमच्या मुलीची गाडी माझ्यामुळे चुकली. तीन वाक्यं, चौथं सुचत नव्हतं. शाळा एकाच खोलीची, समोर पडवी. शिकवणाऱ्या बाई तिशीच्या, शकुनबाई. पडवीत चौथीची मुलं पाटीवर वाकली होती. गुरुजींनी नमस्कार केला आणि आधी जे विचारायचं ठरवलं नव्हतं तेच विचारलं, "इथली एक धुरपता..."

"धुरपता?" बाई हसल्या. "ते तर गेली नागपूरले. तुमी नात्यातले का?"

"नाही. एकदा स्टेशनावर दिसली होती."

"मंग तुमीच असान ते एसटीत बसवून देनारे बाबा! बारा वाजता पोचली ना ते तिथं. दार लावत होते. तिथल्या बाईनं इचारलं, उशीर काहून? तर हे म्हंते, माही गाडी बरोबर होती, वही जुनी झाली होती. मांगं नाव ठेवलं तिचं, यादीच्या बाहेर. बाबानं तर लगनासाठी पाहुना पाहून ठेवला होता. मंग दिवाळीच्या आंधी कागद आला, कोनी एक पोरगी आली नाई म्हने, तुमी या. तिच्या बाबानं दोनदा वाचून घेतला माह्याकडून तो कागद. अन् या बारीनं पोरगी वेळेवर गेली बरं का!"

गुरुजी पडवीच्या कडेला टेकले. बाईंनी सतरंजी पुढे केली. ती पोचली, एवढ्यानं हायसं वाटतंय तोवर त्यांना दुसरीच गोष्ट दिसली. फळ्यावर बेचाळिसावं गणित होतं. सहा-चाळीस. ऐंशी किलोमीटर. खाली तेहेतीस, आणि त्याच्या खाली, मोठ्या अक्षरात, बाकी पंधरा.

"हे," त्यांनी बोट दाखवलं, "हे कोणी बदललं?"

"तिनंच." शकुनबाईंनी टेबलावरून वही उचलून दिली. कापडात बांधलेली, कोपरे झिजलेले, कोणाकोणाच्या हातची अक्षरं. बेचाळिसाव्या गणिताच्या समासात निळ्या शाईत लिहिलं होतं: 'ही गाडी आता सकाळी ६.४० ला सुटते. नाव सात-विसाचीच आहे, नावावर जाऊ नये. निघण्याआधी स्टेशनावर विचारावे. धुरपता, मे १९७९.' त्याखाली दुसऱ्या शाईत: 'सप्टेंबरात विचारले. अजून ६.४० च. नागपुरास ९.०५. घनश्याम पोस्टमन.' त्याखाली पेन्सिलनं, बाईंच्या हातचं: 'नोव्हेंबर, तेच.' गुरुजी पानं उलटत गेले. तलावाच्या खोलीपुढे कोणीतरी मीटर लिहिले होते. सडकेच्या गणितात नवं अंतर होतं, आणि खाली भांडणही होतं, एकानं लिहिलेलं दुसऱ्यानं खोडलेलं, तिसऱ्यानं पुन्हा मोजून आणलेलं. त्यातलं अंतर गुरुजींच्या दुरुस्त अंतरापेक्षा दीड किलोमीटरनं कमी होतं. ते थांबले. सडकेला मिळणारी, पाळीवरून जी नवी वाट झाली होती ती त्यांनी हिशोबात धरलीच नव्हती. आत्ता याच वाटेनं ते चालत आले होते.

"पोरांले बाकी उरलेली आवडली," शकुनबाई सांगत होत्या. "आमच्या वहीत कधी काई उरतच नव्हतं ना. पहिल्या दिवशी एक पोरगी उठून म्हंते, बाई, हे पंधरा कोनाले द्याचे? मंग तिथून अपूर्णांक सुरू केले मी. आंधी पाचवीत कराची." मग त्या थांबल्या आणि गुरुजींच्या मांडीवरच्या फडक्यातल्या गाठोड्याकडे पाहून जरा सावरून बसल्या. "पन तुमी कोन जी? तपासनीले आले का?"

तीन वाक्यं तयार होती. पडवीतली मुलं पाटीवरून माना वर करून पाहत होती. गुरुजींनी गाठोडं सोडलं, आपली वही काढून सतरंजीवर उघडी ठेवली, शेजारी तिची ठेवली, आणि खिशातला पेन्सिलीचा तुकडा चाचपला.

"मी सेवकराम," ते म्हणाले. "वही उतरवून घ्यायला आलो."